डॉक्टरांचीही परीक्षा!

मुलांनो, वार्षिक परीक्षा संपली की तुम्ही काय करता? ‘सुटलो एकदाचे!’ म्हणत दप्तर कोपऱ्यात भिरकावता आणि खेळायला पळता, हो ना? पण समजा, साडेचार वर्षं अभ्यास करून, वर एक वर्ष रुग्णालयात रात्रपाळ्या करून तुम्ही एमबीबीएस झालात, नावामागे ‘डॉक्टर’ लागलं आणि तरीही कुणी म्हणालं, ‘बसा, पुन्हा पेपर सोडवा!’ तर?

आमच्या शेजारची ताई अशीच पुन्हा अभ्यासाला बसली. तिला इंग्लंडला जायचं होतं. वर्गात ही गोष्ट सांगितली, तेव्हा एका मुलानं विचारलं, “बाई, माणसाचं हृदय इथंही डावीकडे आणि तिथंही डावीकडेच! मग परीक्षा पुन्हा कशाला?”

प्रश्न मोठा मजेदार, पण खराही. चला, उत्तर शोधू या.

पूर्वी ब्रिटनमध्ये शिकलेला वैद्य कोण आणि भोंदू कोण, हे आजारी माणसाला कळतच नसे. म्हणून १८५८ साली कायदा झाला आणि जनरल मेडिकल कौन्सिल ही संस्था जन्माला आली. पात्र डॉक्टरांची नावं तिच्या नोंदवहीत लिहिली जाऊ लागली. आजही या नोंदवहीत नाव आणि हातात परवाना असल्याशिवाय तिथं डॉक्टर म्हणून काम करता येत नाही.

मग बाहेरून आलेल्या डॉक्टरांचं नाव तिथं लागतं कसं? पदवी संस्थेला मान्य असावी लागते, आणि ती खरी आहे की नाही याची थेट महाविद्यालयाकडून खात्री केली जाते. मग इंग्रजीची परीक्षा. रुग्ण ‘छातीत कसंसंच होतंय’ म्हणाला आणि डॉक्टरांना ते कळलंच नाही, तर केवढा घोटाळा!

यानंतर आपल्याकडचे बहुतेक डॉक्टर ‘प्लॅब’ ही परीक्षा देतात. तिचे दोन भाग. पहिला लेखी : १८० प्रश्न आणि तीन तास. म्हणजे एका प्रश्नाला एकच मिनिट! दुसरा भाग मँचेस्टर शहरात होतो आणि खरी गंमत तिथंच आहे. तिथं १६ प्रसंग उभे केलेले असतात. बऱ्याच ठिकाणी नट-नट्या रुग्ण होऊन बसलेले असतात! कुणी पोट धरून, कुणी घाबरून, तर कुणी रागावून. प्रत्येक प्रसंगाला आठ मिनिटं. डॉक्टरांनी नेमकं विचारलं का, तपासलं का, उपाय बरोबर सुचवला का, हे परीक्षक पाहतातच. पण रुग्णाशी आपुलकीनं बोलले का, त्याचं ऐकून घेतलं का, यालाही गुण असतात बरं!

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. हृदय डावीकडेच असतं, पण कायदे आणि रीती बदलतात. आपल्याकडे डॉक्टर पुष्कळदा आजाराची माहिती आधी घरच्या मोठ्यांना सांगतात. तिथं ती आधी रुग्णाची. त्याच्या परवानगीशिवाय सहसा ती नातेवाइकांनाही सांगायची नाही. असं सगळं नव्यानं शिकावं लागतं.

‘पण हा परदेशी डॉक्टरांवर अन्याय नाही का?’ असं तुम्ही विचाराल. वाट अवघड आहे खरी. फी भरावी लागते, थांबावं लागतं, नापासही व्हावं लागतं. मात्र आता तिथल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनाही त्याच धर्तीची परीक्षा देणं भाग आहे आणि २०२४ पासून प्लॅबही त्याच अभ्यासक्रमावर बेतलेली आहे.

आणि हा नियम फक्त त्यांचाच नाही! आपली मुलं रशिया, जॉर्जिया, फिलिपिन्स अशा देशांत डॉक्टरकी शिकायला जातात. परतल्यावर त्यांनाही भारतात परीक्षा द्यावी लागते. ३०० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला १५० गुण हवेतच. ही परीक्षा २००२ पासून सुरू आहे. पालकांनो, इथं जरा लक्ष द्या! २०२१ च्या नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, शिवाय तिथंच १२ महिन्यांचं प्रत्यक्ष प्रशिक्षणही हवं. जाहिरात पाहून पैसे भरण्याआधी हे तपासायलाच हवं. नाहीतर मुलाची सहा वर्षं आणि घरची पुंजी, दोन्ही पणाला लागतात.

आमच्या ताईनं मात्र हार मानली नाही. ती म्हणते, “पेशंट झोपून असतो, घाबरलेला असतो. तो माझी परीक्षा घेऊ शकत नाही. म्हणून त्याच्या वतीनं कुणीतरी घ्यायलाच हवी ना!”

पटलं ना? मग पुढच्या वेळी सर्दी-खोकला झाला की एक काम करा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक शोधा. त्या छोट्याशा आकड्यामागे किती परीक्षा दडल्या आहेत, हे आता तुम्हाला ठाऊक आहे!