रात्री दोन वाजता फोन कोणाला करायचा?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र गंभीर आहे.

माझे आजोबा रेल्वेत होते. चार वर्षांपासून त्यांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. गेल्या मे महिन्यात, ऐन नवतपात, रात्री दोन वाजता ते आतूनच दार ठोकू लागले. "गाडी निघून राहिली, ड्युटीवर जाऊ द्या!" आजी म्हणाली, "अहो, ड्युटी संपली तुमची." तर त्यांनी तिचा हातच पिरगाळला. असं आधी कधीच झालं नव्हतं. एका दवाखान्यात नेलं, तिथे "मेंटल केस आहे, उद्या ओपीडीत आणा" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासली. लघवीत इन्फेक्शन आणि अंगात पाणी कमी! उपचार झाल्यावर आजोबा हळूहळू पुष्कळसे पूर्वीसारखे झाले.

यातून मी एक गोष्ट शिकले. स्मृतिभ्रंश सहसा हळूहळू वाढतो. पण माणूस काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत एकदम बदलला, तर बहुतेक वेळा कारण वेगळं असतं. इन्फेक्शन, पाणी कमी होणं, बद्धकोष्ठ, दुखणं, नवीन गोळी. याला डेलिरिअम म्हणतात आणि ही इमर्जन्सी आहे. म्हातारपणी तहान कमी लागते, त्यात आपला नागपूरचा उन्हाळा!

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. मग मदत कोणती? १०८ ची अ‍ॅम्ब्युलन्स आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डर लाइन आहे, पण सकाळी ८ ते रात्री ८. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून चोवीस तास चालतो, तिथे घरच्यांनाही मन मोकळं करता येतं. पण घरी येऊन पेशंटला बघणारं कोण? इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी अशा वेळी नर्स वगैरेंची टीम घरी येते. आपल्याकडे ते होईल तेव्हा होईल. निदान प्रत्येक कॅज्युअल्टीत, वृद्ध माणूस अचानक बिघडला तर आधी डेलिरिअम तपासायचा, एवढा नियम तरी हवा. त्याला फार खर्च नाही.

आणि आपण? एका कागदावर पेशंटचे आजार, गोळ्या, घरचा फोन आणि "एरवी ते असे वागतात" हे लिहून दाराजवळ लावायचं. रात्रीच्या घाईत काहीच आठवत नाही.

शेवटी आजीबद्दल. त्या रात्री दवाखान्यात सगळ्यांनी आजोबांचं वय विचारलं. आजीचा हात सुजला होता, तो कोणीच पाहिला नाही. खरं सांगायचं तर मीसुद्धा सकाळीच पाहिला.

तेव्हा रविवारी घरी फोन कराल, तेव्हा आजारी माणसाची चौकशी करा, पण त्याचं करणाऱ्यालाही विचारा, "रात्री झोप झाली का?"