टँकरची वेळ कोणी ठरवली?
परदेशी शिष्यवृत्तीची वाट : भाग ६

पात्रतेच्या अटी गेल्या आठवड्यात पाहिल्या. आता निबंध. बहुतेक मुलं हा भाग सर्वांत शेवटी, मुदत संपायच्या आदल्या रात्री लिहायला घेतात. निवड मात्र बरीचशी त्यावरच ठरते.

उदाहरणादाखल चेव्हनिंग घेऊ. ब्रिटिश सरकार १९८३ पासून ही शिष्यवृत्ती देतं. एका वर्षाचं पदव्युत्तर शिक्षण त्यातून होतं. अर्जात चार विषयांवर लिहायचं असतं: नेतृत्व, लोकसंपर्क, ब्रिटनमधलं नेमकं हेच शिक्षण का, आणि पुढे काय करणार. सगळ्यांत जास्त घसरगुंडी होते ती पहिल्यावर.

नेतृत्व म्हटलं की आपल्याकडे पदांची यादी सुरू होते. वर्गप्रतिनिधी, एनएसएसचा गटप्रमुख, गणेश मंडळाचा खजिनदार. ही पदं मिळाली, त्यात विद्यार्थ्याने केलं काय? निबंधात ते सापडत नाही, कारण तो लिहिलेला असतो महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालासारखा: शिबिर झालं, वृक्षारोपण झालं, ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद मिळाला. (हा प्रतिसाद नेहमी उत्स्फूर्तच का असतो, कोण जाणे.)

समजा, माण तालुक्यात एका संस्थेत पाण्यावर काम करणारी मुलगी अर्ज करते आहे. पहिल्या खर्ड्यात ती लिहिते, ‘मी दुष्काळग्रस्त महिलांच्या सक्षमीकरणासाठी झटले.’ असं वाक्य परीक्षकाने त्या दिवशी कितीदा तरी वाचलेलं असणार. मग तिला खोदून विचारावं लागतं. झटलीस म्हणजे काय केलंस? हळूहळू गोष्ट बाहेर येते. टँकर दुपारी यायचा, बायका तेव्हा रानात असायच्या. पाणी विहिरीत ओतलं जायचं आणि ज्यांची घरं जवळ त्यांचे हंडे आधी भरायचे. हिने पंधरा दिवस टँकरची वेळ वहीत टिपली, ती वही घेऊन ग्रामसेवकाकडे गेली. तो म्हणाला, वेळ माझ्या हातात नाही. ड्रायव्हर म्हणाला, भरण्याच्या ठिकाणी रांग असते. मग तिने वस्तीवरच्या चार बायकांना घेऊन तहसील गाठलं. फेरी सकाळची झाली, वेळ ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिली जाऊ लागली. दूरच्या वस्तीचा प्रश्न मात्र सुटला नाही.

हे सगळं निबंधात यायला हवं, न सुटलेल्या प्रश्नासकट. तिच्याकडे पद नव्हतं, तरी तिच्यामुळे दुसऱ्यांनी आपली पद्धत बदलली. चेव्हनिंगला नेतृत्व म्हणून हेच बघायचं असतं. ‘आम्ही’ लिहायची आपली सवय चांगली आहे, पण वही कोणी ठेवली हे सांगताना ‘मी’च लिहावं. त्यात बढाई नाही.

एवढं हाती आलं की बाकीचे तीन निबंध त्याच धाग्याने ओवता येतात. लोकसंपर्क म्हणजे ओळखीच्या साहेबांची नावं नव्हेत. तहसीलला सोबत आलेल्या त्या चार बायका आज कशासाठी फोन करतात, ते लिहा. अभ्यासक्रमाबद्दल लिहिताना विद्यापीठाचा जागतिक क्रमांक सांगून उपयोग नाही, तो त्यांना ठाऊक असतो. ससेक्सची विकास अभ्यास संस्था निवडली असेल, तर तिथला कोणता विषय तुमच्या कोणत्या अडचणीला उपयोगी पडेल, तेवढं नेमकं सांगा.

पुढचा बेत लिहिताना एक अट ध्यानात असू द्या: शिक्षण संपल्यावर मायदेशी परतून किमान दोन वर्षं राहावं लागतं. अशा अटी नव्या नाहीत. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, तेव्हाही परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. पैसे देणारा पुढचं विचारणारच. ‘देशसेवा करेन’ हे त्याला उत्तर वाटत नाही. परतल्यावर पहिलं काम कुठे आणि काय, हे वाटतं.

इंटरनेटवरून किंवा एआयकडून निबंध उचलायचा मोह होईल. पकडले जाण्याची भीती आहेच, पण खरी अडचण मुलाखतीत येते. तिथे याच निबंधांवरून प्रश्न निघतात. ड्रायव्हर काय म्हणाला, ग्रामसेवक का अडला, हे जिने भोगलंय तिला पाठ करावं लागत नाही.

पुढच्या आठवड्यात शिफारसपत्रं: ती कोणाकडे मागायची, आणि मोठ्या नावाच्या मागे का लागू नये.