पाणमोटेचा पापुद्रा

ये मनू, बस अशी जवळ. तुझ्या मावशीला परवा बाळ झालं ना? बाळ आलं, की थोड्या वेळानं वार पडते. गावाकडं ती परसात पुरत. दवाखान्यात पिवळ्या पिशवीत जाते. पण तिला लागून पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, असते, तिचा आतला पापुद्रा अलगद सोलून घेतला, तर भाजलेल्या माणसाच्या अंगावर तो नव्या कातडीसाठी छप्पर होतो!

सूक्ष्मदर्शकाखाली धरलास तर वर पेशींचा एकच थर दिसेल आणि खाली कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांची जाळी. त्यात एकही रक्तवाहिनी नाही, एकही मज्जातंतू नाही. नऊ महिने तो बराचसा बाळाभोवतीच्या पाण्यातून पोसला जातो. सूज उतरवणारी, कातडीला वाढायला लावणारी प्रथिनं त्याच्यातच असतात. आणि दुसऱ्याचं शरीर त्याला सहसा परका म्हणून झिडकारत नाही, हे मला अजूनही नवलाचं वाटतं. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉ. डेव्हिस यांनी १९१० मध्येच त्वचारोपणात त्याचा वापर नोंदवून ठेवला होता.

अडचण आहे ती टिकवण्याची. ताजा पापुद्रा फार दिवस राहत नाही. शिवाय आईच्या रक्तात एखादा विषाणू नुकताच शिरला असेल, तर पहिल्या तपासणीत तो सापडतही नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी पापुद्रा गोठवून बाजूला ठेवतात, सहा महिन्यांनी आईचं रक्त पुन्हा तपासतात आणि मगच तो वापरायला काढतात.

गोठवतात कसा? ग्लिसरॉल घातलेल्या द्रवात, उणे ८० अंशांवर. नुसताच गोठवला तर बर्फाचे स्फटिक जाळी विस्कटून टाकतील. ग्लिसरॉल त्यांना आवर घालतं. पेशी बहुतेक मरतात, पण जाळी शाबूत राहते आणि सूज उतरवणारे मोठाले रेणूही बरेचसे टिकतात. मात्र तेवढी थंडी अखंड राखायची, तर तसं यंत्र हवं, वीज हवी. तालुक्याच्या दवाखान्यात ती कुठून आणायची?

म्हणून दुसरी वाट, सुकवण्याची. तापवून सुकवला तर प्रथिनं बिघडतात. तेव्हा आधी गोठवायचा, मग हवा उपसलेल्या पात्रात ठेवायचा. बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन उडून जातो. आंबापोळीसारखंच हे: वर्षभर कपाटात राहते, पण रसाचा सगळा वास काही तिच्यात उतरत नाही. काही वाढीची प्रथिनं सुकवताना कमी होतातच.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून टिश्यू बँक आहे. तिथं असा सुकवलेला पापुद्रा पाकीटबंद करून गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. मात्रा साधारण २५ किलोग्रे. किरण जंतू मारतात, तसे कोलॅजनचे धागेही थोडेफार तोडतात. मात्रा फार वाढवली, तर पापुद्रा कमकुवत होतो. जंतू मरावेत आणि जाळी उरावी, एवढाच मापून मारा करावा लागतो.

आणि लावताना बाजू ओळखावी लागते हं! डोळ्याच्या जखमेवरही हा पापुद्रा लावतात; तेव्हा डोळ्याचे डॉक्टर बारीक स्पंजचं टोक त्याला लावून बघतात. जाळीची बाजू चिकट असते, स्पंजाबरोबर तिचे तंतू ओढले जातात. पेशींची बाजू गुळगुळीत. बुबुळावर जखम असेल, तर बहुधा चिकट बाजू खाली ठेवतात, म्हणजे डोळ्याच्या स्वतःच्या पेशी वरच्या बाजूवरून सरकत सरकत जखम झाकत जातात.