फिट औषधांना दाद देईना तेव्हा...

गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगडावर महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. महादेवाचे दर्शन घेऊन अनेक जण ख्वाजा उस्मान गणी हारुनी यांच्या दर्ग्यापुढेही माथा टेकतात. अशा गर्दीत कुणाला फिट आली, की कांदा किंवा चप्पल हुंगविण्यासाठी आजही हात पुढे सरसावतात. त्याचा काडीचाही उपयोग नाही. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये आणि झटका पाच मिनिटांत न थांबल्यास रुग्णालय गाठावे.

अपस्माराच्या सुमारे दोन तृतीयांश रुग्णांचे झटके गोळ्यांनी आटोक्यात येतात. उरलेल्यांचे काय? दोन योग्य औषधे पुरेशा मात्रेत, नियमित घेऊनही झटके थांबत नसतील, तर तो औषधांना दाद न देणारा अपस्मार, अशी व्याख्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०१० मध्ये केली. गोळ्या संपल्या म्हणून महिनाभर थांबलेला रुग्ण यात मोडत नाही. अशा रुग्णाला यंत्राची नव्हे, गोळ्यांचीच गरज असते.

खऱ्या अर्थाने औषधे हरली, तर प्रथम शस्त्रक्रियेचा विचार होतो. झटक्यांचे उगमस्थान नेमके सापडले आणि तो भाग धोका न पत्करता काढता आला, तर अनेक जण झटकेमुक्त होतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून अशा शस्त्रक्रिया होत आहेत. ज्यांना ही वाट बंद आहे, त्यांच्यासाठी व्हेगस मज्जातंतूच्या उद्दीपनाचा पर्याय आहे.

व्हेगस हा मेंदूपासून मानेतून हृदय आणि जठरापर्यंत जाणारा मज्जातंतू. त्यातील बहुतांश तंतू शरीराकडून मेंदूकडे संदेश नेतात. याच वाटेने मेंदूपर्यंत सौम्य विद्युतस्पंद पोहोचवायचे, ही कल्पना. कॉलरच्या हाडाखाली त्वचेआड पेसमेकरसारखे छोटे यंत्र बसवितात आणि त्याची तार मानेच्या डाव्या बाजूच्या व्हेगसभोवती गुंडाळतात. कवटी उघडावी लागत नाही. साधारणपणे दर पाच मिनिटांनी तीस सेकंद स्पंद दिले जातात. झटक्याची चाहूल लागताच रुग्ण किंवा घरचे माणूस यंत्रावरून चुंबक फिरवून जादा स्पंद देऊ शकते. मानवावर हा प्रयोग प्रथम १९८८ मध्ये झाला. अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली.

मात्र, चमत्काराची अपेक्षा नको. एक-दोन वर्षांत सुमारे निम्म्या रुग्णांचे झटके निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटतात. पूर्ण थांबणारे थोडेच. गोळ्याही सुरूच राहतात. स्पंद चालू असताना आवाज घोगरा होतो, खोकला येतो, घशात मुंग्या येतात. एमआरआय करण्यापूर्वी यंत्राची कल्पना द्यावी लागते आणि बॅटरी संपली की पुन्हा छोटी शस्त्रक्रिया.

खर्च काही लाखांत जातो, हा पहिला अडसर. दुसरा फारसा बोलला जात नाही. यंत्राची मात्रा एकदाच ठरत नाही, आठवड्या-आठवड्यांनी तज्ज्ञाकडे जाऊन हळूहळू वाढवावी लागते. मुंबई-पुण्याच्या रुग्णाला ही अर्ध्या दिवसाची रजा. प्रतापगडच्या शेतमजुराला मात्र नागपूरच्या प्रत्येक फेरीसाठी स्वतःची आणि सोबत येणाऱ्याची मजुरी बुडवावी लागते. यंत्र बसविण्याआधी डॉक्टरांनी आणि कुटुंबानेही या फेऱ्यांचा हिशेब मांडलेला बरा.