आधी पापणी की आधी नंबर?

पोलादपूरच्या डोंगरउतारावर जुलैची लावणी ज्याने चष्मा लावून केली आहे, त्याला चष्म्याचा जाच वेगळा सांगावा लागत नाही. बाहेरून पावसाचं पाणी, आतून वाफ. पुसायचा म्हटला तर दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलाचे आणि अंगावर कोरडं म्हणावं असं बोटभर कापड नाही. मग कोणी चष्मा बांधावर पिशवीत ठेवतो आणि अंदाजानेच रोप टोचत जातो. लेसरने नंबर जातो हे कळल्यावर अशा माणसाला पनवेल, पुणे नाहीतर मुंबई गाठावीशी वाटली, तर त्यात हौसेचा भाग थोडा आणि गरजेचा मोठा असतो.

चाळिशीच्या आसपास त्याला दुसरी तक्रार येऊन मिळते. वरच्या पापणीची कातडी सैल पडून लोंबते, डोळे सदा झोपाळू दिसतात, संध्याकाळी कपाळ ताणून ताणून दुखतं. ही जादा कातडी काढणारी शस्त्रक्रियाही त्याच शहरात होते. मुंबई महाडपासून दीडशे किलोमीटरच्या वर, सोबतीला घरचं एक माणूस, दोघांचीही मजुरी बुडालेली. मग मनात येतं, एका खेपेतच दोन्ही उरकून टाकू.

हाच हिशेब डोळ्याला महागात पडतो. कारण कळायला लेसर नेमकं काय करतो ते पाहायला हवं.

त्याची सुरुवात डोळ्यापासून झालीच नाही. 1981 च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगास्वामी श्रीनिवासन या भारतात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने थँक्सगिव्हिंगच्या जेवणातलं उरलेलं टर्कीचं मांस एक्सायमर लेसरखाली धरलं. बाजूचा भाग न भाजता, न करपता, धारदार पात्याने कापावा तशी स्वच्छ खाच पडली. श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी सॅम्युअल ब्लम व जेम्स विन यांनी यातला उपयोग ओळखला. पुढे स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञाने तो प्रकाश डोळ्यापर्यंत नेला. हा किरण उष्णतेने जाळत नाही. 193 नॅनोमीटर लांबीची ती अतिनील लहर रेणूंमधले रासायनिक बंधच तोडते आणि पातळसा थर उडून जातो.

तो थर जातो कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा. हा पडदा मध्यभागी साधारण 540 मायक्रॉन जाड असतो. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त, बस्स. लॅसिक नावाच्या पद्धतीत आधी वरचा 110 मायक्रॉनच्या आसपासचा पापुद्रा एका बाजूला बिजागरीसारखा जोडलेला ठेवून उचलतात. खाली लेसर चालवतात आणि पापुद्रा परत बसवतात. नंबराच्या एका डायॉप्टरमागे ढोबळ मानाने 14 मायक्रॉन खर्ची पडतात. म्हणजे उणे पाच नंबर असेल तर 70. 540 मधून 110 आणि 70 गेले की 360 उरतात. पापुद्र्याखाली किमान 250 तरी शिल्लक हवेत, नाहीतर पडदा पुढे फुगत जाण्याची भीती असते. ज्याचा कॉर्निया मुळातच पातळ किंवा शंकूसारखा आहे, त्याला चांगला डॉक्टर तपासणीनंतर सरळ ‘नाही’ म्हणतो. हे ‘नाही’ ऐकून दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढणाऱ्यांनी तो 250 चा आकडा लक्षात ठेवावा.

पण वेळेच्या प्रश्नाचं मूळ जाडीत नाही, ओलाव्यात आहे. पापुद्रा कापताना कॉर्नियातल्या बारीक नसाही कापल्या जातात. कोरडं पडल्याची खबर मेंदूला देणाऱ्या याच नसा. त्या सुन्न झाल्या की अश्रू कमी येतात आणि पापणीही कमी लवते. त्या पुन्हा वाढायला सहा महिने, कित्येकांना वर्षही लागतं. तोवर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं आणि कृत्रिम अश्रूंची बाटली खिशात ठेवावी लागते.

पापणीची शस्त्रक्रिया पोचते ती याच ओलाव्यापाशी. पापणी प्रत्येक लवण्यासरशी अश्रूंचा थर बुबुळावर सारवते. तिची कातडी काढल्यावर काही आठवडे सूज असते आणि झोपेत डोळा पुरता मिटत नाही. कातडी जरा जास्त गेली तर ही उघडीप कायमची राहते. म्हणून जाणकार सर्जन पेनने खूण करतानाच मोजून घेतो, की भुवईच्या खालच्या कडेपासून पापणीच्या केसांपर्यंत निदान 20 मिलिमीटर कातडी उरली पाहिजे. आता हे दोन्ही एकदम केलं तर काय होईल? कोरडेपणाची खबर देणाऱ्या नसा तुटलेल्या आणि डोळा झाकणारी पापणी आखडलेली. बुबुळाला जखम होत असेल तरी माणसाला ती वेळेवर कळणार नाही.

ओलावा किती आहे हे पाहायची एक चाचणी आहे. टिपकागदाची अरुंद पट्टी, 35 मिलिमीटर लांब. तिचं टोक दुमडून खालच्या पापणीच्या आत बाहेरच्या कोपऱ्याकडे अडकवतात आणि माणूस पाच मिनिटं गप्प बसून राहतो. कागद गालावर लोंबत असतो, ओल मुंगीच्या चालीने खाली सरकते. भूल न घालता केलेल्या चाचणीत ती 10 मिलिमीटरच्या पुढे गेली तर बरं. पाचाच्या आतच थांबली तर डोळा कोरडा आहे, आणि दोन्ही शस्त्रक्रियांचा विचार तिथेच थोपवून आधी त्यावर उपचार करायला हवा. कागद स्वस्त, वेळ पाच मिनिटांचा. ही किंवा अश्रूंची अशीच दुसरी एखादी तपासणी न करता कोणी तारीख देत असेल, तर ती तारीख घेऊ नये.

मग आधी काय? बहुतेकांच्या बाबतीत वयच याचा निकाल लावतं. लेसर अठराच्या पुढे आणि नंबर वर्षभर स्थिर राहिल्यावर करायचा असतो. ते करणारे बहुतेक विशी-तिशीतले. पापणी सैल होते ती पुढे दहा-पंधरा वर्षांनी. अशा माणसाने पापणीच्या सर्जनला जुन्या लेसरची गोष्ट आठवणीने सांगायची, एवढंच. शस्त्रक्रियेत डोळ्यावर संरक्षक झाकण बसवताना जुन्या पापुद्र्याला धक्का लागू नये, ही काळजी तो मग घेतो. लेसर अलीकडेच झाला असेल तर निदान सहा महिने जाऊ द्यावेत आणि अश्रू पुन्हा तपासून घ्यावेत.

चाळिशीच्या उंबरठ्यावर दोन्ही हवं असणाऱ्यांचा पेच खरा आहे. तिथे आधी पापणी करणं जास्त शहाणपणाचं, विशेषतः ती जड होऊन बुबुळावर टेकत असेल तर. पापणीच्या वजनाने कॉर्नियाची गोलाई किंचित बदललेली असते आणि वजन उतरलं की सिलिंड्रिकल नंबर थोडा हलतो. हलणाऱ्या नंबरावर लेसर चालवला तर मोजमापच चुकतं. तीन ते सहा महिन्यांनी नंबर जागेवर बसला की तो मोजावा. डोळा नीट मिटतो की नाही हेही तोवर कळून चुकतं. मिटत नसेल तर लेसर टाळता येतो. केलेला लेसर मात्र परत घेता येत नाही.

महाडमध्ये पडलेल्या पापणीचा आणखी एक अर्थ आहे, सापाचा दंश, आणि तो आधी पाहायला हवा. इथल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रातून ज्यांनी काम सुरू केलं आणि महाडात राहूनच विंचूदंशावरचं संशोधन जगापुढे मांडलं, त्या डॉ. हिंमतराव बावस्करांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. सर्पदंशावरही त्यांनी इथेच काम केलं. मण्यार रात्री अंथरुणात चावते. दंशाची खूण कित्येकदा दिसतही नाही. पहाटे पोट दुखतं आणि पापण्या उचलता येत नाहीत. ही सौंदर्याची बाब नव्हे, जीव वाचवायची वेळ असते. एकाच डोळ्याची पापणी अचानक पडली, सोबत दोन-दोन दिसू लागलं, डोकं ठणकलं किंवा एक बाहुली मोठी झाली, तर तेही मेंदूतल्या धोक्याचं लक्षण असू शकतं. सकाळी बरी असणारी पापणी संध्याकाळी पडत असेल तर स्नायूंचा आजार तपासावा लागतो. सैल कातडी वर्षानुवर्षं हळूहळू उतरते. एका रात्रीत ती कधीच उतरत नाही.

तारीख ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर पाहावं, पण ते शेतीच्या नजरेने. लेसरनंतरचे पहिले काही आठवडे डोळ्यांत साधं पाणीही जाऊ द्यायचं नसतं, आणि इथला पाऊस जून ते सप्टेंबर कोणाला कोरडं ठेवत नाही. लावणीत चिखल उडतो. झोडणीत भाताचं कुसळ नेमकं डोळ्यात जातं. पात्याने किंवा कुसळाने ओरखडलेल्या बुबुळात बुरशी वाढते, आणि लेसरनंतर स्टिरॉइडचे थेंब चालू असताना तिला आणखी जोर चढतो. शिमग्यात रंग आणि धूळ, मार्च-एप्रिलमध्ये राब भाजण्याचा धूर. उरते ती मोकळी जागा झोडणी आटोपल्यावरची, दिवाळीपासून माघापर्यंतची. एका दिवाळीनंतर पापणी आणि दुसऱ्या दिवाळीनंतर लेसर, असा सावकाश बेत इथल्या माणसाला सोयीचा. मुंबईचा चाकरमानी गणपतीच्या सुट्टीला जोडून लेसर उरकायला पाहतो, पण भर पावसात ओल्या गर्दीत शिरण्याच्या तोंडावर तो करू नये.

लग्नघराची घाई वेगळीच. पापणीचे टाके पाच ते सात दिवसांत निघतात, पण काळंनिळं ओसरायला दोन आठवडे आणि खरा आकार यायला दोन-तीन महिने लागतात. मुहूर्त जवळ आल्यावर धावू नये. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना नंबर हलतो, तेव्हा लेसर थांबवावाच.

पापणीची शस्त्रक्रिया झाल्यावर पहिली रात्र शहरातच काढावी. क्वचित डोळ्यामागे रक्त साचतं, डोळा ताठरतो, दुखतो आणि नजर झपाट्याने जाऊ लागते. त्यावर तासाभरात इलाज लागतो, आणि तेव्हा माणूस वडखळच्या पुढे परतीच्या गाडीत असून चालत नाही. लेसरच्या दुसऱ्या दिवशीही तपासणी असतेच. पुढचे काही आठवडे समोरून येणाऱ्या दिव्यांभोवती कडी दिसतात. कशेडी किंवा आंबेनळी घाटात रात्री गाडी चालवणाऱ्याने तेवढे दिवस गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी.

कबड्डी खेळणाऱ्या पोरांनी पापुद्र्याबद्दल डॉक्टरांना मुद्दाम विचारावं. जोराचा फटका बसला तर तो वर्षांनीही सरकू शकतो. अशांना पापुद्रा न उचलता वरूनच लेसर करणारी पीआरके पद्धत सुचवली जाते. तीत तीन-चार दिवस दुखतं आणि नजर स्वच्छ व्हायला वेळ लागतो, पण सरकायला काही उरत नाही.

महाड तालुक्यातलं फौजी आंबवडे पहिल्या महायुद्धापासून सैन्यात माणसं पाठवत आलं आहे, आणि भरतीसाठी चष्मा घालवायचा विचार या भागातली मुलं करतात. त्यांच्यासाठी वेळ फारच महत्त्वाची. बारावीनंतरच्या एनडीए प्रवेशाला लेसर झालेला डोळा चालत नाही. पदवीनंतरच्या अधिकारी भरतीत तो चालतो, पण लेसर वयाची वीस वर्षं उलटल्यावरचा हवा, त्याला 12 महिने झालेले हवेत आणि कॉर्निया किमान 450 मायक्रॉन उरलेला हवा. भरतीगणिक अटी बदलतात. जाहिरातीतला वैद्यकीय भाग वाचल्याशिवाय डोळ्याला हात लावू देऊ नये. अठराव्या वर्षी घाईने केलेला लेसर एखाद्याची आयुष्यभराची वाट बंद करू शकतो.

खर्च बहुधा खिशातूनच जातो. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींत 7.5 डायॉप्टरपेक्षा कमी नंबराची शस्त्रक्रिया वगळलेली आहे आणि निव्वळ सौंदर्यासाठीचीही. आणि लेसर झाला तरी वाचायची चाळिशी चुकत नाही. ती येते बुबुळामागचं भिंग ताठर झाल्याने, आणि लेसर तिथवर पोचत नाही.

पुढे साठीनंतर मोतीबिंदू आला की आत बसवायच्या भिंगाचा आकडा काढायला लेसरच्या आधीचे कागद उपयोगी पडतात. जुना नंबर, कॉर्नियाची गोलाई, जाडी आणि लेसरची तारीख. जुलै 2021 च्या पुरात महाडात सावित्री नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा कित्येकांची कपाटंच्या कपाटं चिखलात गेली. या चार नोंदींचा फोटो काढून तो स्वतःच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाईलवर ठेवावा.