हरिणी पाडसास केव्हा सोडते?

तुंगारेश्वराचे अरण्य आपल्या माकुणसारहून फार दूर नाही. तेथील भेकराची मादी व्याल्यावर पाडसास झुडपांत निजवून आपण दूर चरावयास जाते, व दूध पाजण्यापुरती परतते. हा वियोग नव्हे. पाडसाच्या अंगास गंध अत्यल्प असतो. आई सतत जवळ राहिली, तर तिच्याच वासाने श्वापदास माग लागेल. असे पाडस पोरके समजून घरी आणणारे लोकच (यांत मुले पुढे असतात!) खरी ताटातूट घडवितात; १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हाही आहे. हात न लावता तेथून निघून जावे. आपण उभे आहो तोवर आई यावयाची नाही.

भेकराचे पोर सुमारे सहा महिन्यांनी आपण होऊन वेगळे होते. चितळाची मादी मोठी झाली तरी बहुधा आईच्याच कळपांत राहते. नर मात्र हळूहळू इतर नरांस जाऊन मिळतो.