धुके, क्षितिज आणि गायतोंडे

निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयावर हिवाळ्यात पहाटे धुके उतरते, तेव्हा पाणी कोठे संपले आणि आकाश कोठे सुरू झाले हे सांगता येत नाही. पलीकडचा झाडोरा म्हणजे नुसता करडा डाग. ऊन चढले की त्या डागाला फांद्या फुटतात. अर्धअमूर्त निसर्गचित्र फांद्या फुटण्याआधीच थांबते. म्हणून ‘यात काय दाखवले आहे?’ या प्रश्नाने ते उलगडत नाही.

इंग्रज चित्रकार टर्नर याने नॉरहॅमचा किल्ला प्रथम १७९७ मध्ये पाहिला आणि पुढे अनेकदा रंगवला. सुमारे १८४५ च्या तैलचित्रात किल्ल्याची निळसर आकृती, पिवळा प्रकाश आणि पाण्यातली एक तांबूस गाय एवढेच उरते. बुरूज मोजता येत नाहीत. सकाळ मात्र कळते. कडा विरल्या, तरी रंगांच्या फिक्या-गडद छटांवरून अंतर समजते. द्राक्षबागेत किती ओळींपर्यंतच्या वेली दिसतात यावरून धुक्याची दाटी जोखणाऱ्याला ही रीत नवी नाही.

आपल्याकडे वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) याच्या एक पाऊल पुढे गेले. रोलर आणि रंगसुरी वापरून ते रंगाचे थर चढवत, काही खरवडून काढत. त्यामुळे खालचा रंग वरच्यातून उजळतो. त्यांच्या साठच्या दशकातील अनेक कॅनव्हासांवर आडवे पट्टे आहेत. छापील प्रती पाहताना मी बरीच वर्षे त्यांना क्षितिज म्हणत आलो. मला तेथे आमचा जलाशय दिसे. गायतोंडे यांना मात्र ‘अमूर्त’ हा शब्दही मान्य नव्हता. आपली चित्रे ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे कोणत्याही वस्तूवर न बेतलेली, असे ते म्हणत.

मग माझा जलाशय चुकीचा होता काय? आठवण येणे ही चूक नव्हे. नाव सापडताच पाहणे थांबवणे ही चूक. ‘हे तर धुके’ म्हटल्यावर मी थरांकडे पाहीनासा झालो होतो.

आता मी क्रम बदलला आहे. आधी सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद जागा शोधतो. मग कोणती कडा ठळक, कोणती विरलेली ते पाहतो. मूळ चित्र समोर असेल तर जवळ जाऊन थर न्याहाळतो, कारण छपाईत पोत सपाट होतो. नाव शेवटी. टर्नरपाशी ते मिळते. गायतोंडे यांच्यापाशी नाव न घेताच परतावे लागते, आणि तरीही पाहणे पुरे झालेले असते.